परत आलेला पैसा कोणाचा?



'कॅशबॅक' हा शब्द आता आपल्या घरांत डाळ-तांदळाइतका परिचयाचा झाला आहे. मोबाइलवरून मिक्सर मागवला, मुलांचे बूट मागवले, तेलाचा डबा मागवला, की काही दिवसांनी खात्यात पाच-पन्नास रुपये परत येतात. जुना जालना येथे जुमाच्या नमाजनंतर याविषयी हमखास विचारणा होते. प्रश्न बहुधा एकच असतो : मौलाना, हा पैसा हलाल की हराम? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुढे दिलेच आहे. परंतु त्याच्या आड आणखी एक प्रश्न उभा आहे, तो मात्र क्वचितच कोणी विचारतो. हा पैसा हलाल असेल, तर तो कोणासाठी हलाल? ज्याच्या मोबाइलमध्ये तो आला त्याच्यासाठी, की ज्याच्या खिशातून मूळ रक्कम गेली त्याच्यासाठी? आज आपण मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करू.

प्रथम हा पैसा येतो कोठून, ते पाहू. कॅशबॅक देणाऱ्या संकेतस्थळावर आपण आधी खाते उघडतो. तेथील लिंकवरून आपण विक्रेत्याच्या ऑनलाइन दुकानात जातो, तेव्हा हा ग्राहक कोणाकडून आला याची नोंद होते. खरेदी पूर्ण झाली आणि माल परत करण्याची मुदत उलटली, की विक्रेता त्या संकेतस्थळाला ठरलेली दलाली देतो. संकेतस्थळ त्यातील काही भाग स्वतःकडे ठेवते व उरलेला आपल्या खात्यात जमा करते. म्हणूनच ही रक्कम लगेच हाती येत नाही; कित्येक आठवडे ती प्रलंबित दिसते आणि माल परत केला तर रद्द होते. मोंढ्यातील एखाद्या आडत्याने आपल्या आडतीतला काही हिस्सा गिऱ्हाइकाला द्यावा, तसाच हा व्यवहार आहे.

खरेदीच्या प्रमाणात काही परत देण्याची कल्पना नवी नाही. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावी विणकर आणि इतर कारागीर अशा २८ जणांनी मिळून एक सहकारी दुकान काढले. त्या दुकानाचा नफा सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात वाटला जाई. पुढे अमेरिकेत १८९६ पासून खरेदीवर हिरवी तिकिटे देण्याची प्रथा सुरू झाली. ती चिकटवून पुस्तिका भरली की तिच्या बदल्यात घरगुती वस्तू मिळत. आपल्या महाराष्ट्रात १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिच्यात शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याच्या सामानाची यादी करतात आणि एकत्रित खरेदीतून होणारी बचत सर्वांच्या वाट्याला येते. इंटरनेटवर कॅशबॅक देण्याचा व्यवसाय अमेरिकेत 'ईबेट्स'ने १९९८ साली सुरू केला. भारतात 'कॅशकरो' हे संकेतस्थळ २०१३ पासून आहे. या सर्वांत एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. रॉचडेलच्या दुकानाची वही सर्व सभासदांसाठी उघडी होती. ग्राहक पंचायतीची यादी दहा घरे मिळून करतात. मोबाइलमधील कॅशबॅकची वही मात्र ज्याच्या हाती मोबाइल आहे त्यालाच दिसते. आपल्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

आता शरीअतचा निर्णय पाहू. पवित्र कुरआनने सूरह निसाच्या २९ व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई केली आहे आणि परस्परसंमतीने होणाऱ्या व्यापाराला परवानगी दिली आहे. विक्रेत्याने सौदा झाल्यानंतर किमतीत सूट दिली, तर हनफी फिकहनुसार ती सूट मूळ सौद्याचाच भाग मानली जाते. जणू वस्तू प्रथमपासूनच कमी किमतीला विकली गेली होती. 'हिदाया' या मान्यवर ग्रंथात हे तत्त्व विस्ताराने आले आहे. दलालीविषयी म्हणाल, तर इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहात दलालाच्या मोबदल्यावर स्वतंत्र प्रकरण दिले असून इब्न सीरीन, अता, इब्राहीम नखई आणि हसन बसरी (रह.) यांना त्यात काही गैर वाटत नव्हते, हे तेथे नोंदवले आहे. कामाबद्दल बक्षीस जाहीर करण्याचा दाखला तर सूरह यूसुफच्या ७२ व्या आयतीतच आहे. राजाचे हरवलेले पात्र आणून देणाऱ्यास उंटभर धान्य देण्याची घोषणा तेथे येते. तेव्हा विक्रेत्याने दिलेल्या दलालीतून ग्राहकाला काही परत मिळणे मूलतः जायज आहे.

तथापि चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, ज्या वस्तूवर वा सेवेवर कॅशबॅक आहे ती हलाल असावी. अशा संकेतस्थळांवर व्याजी कर्ज घेण्यासाठी आणि क्रेडिट कार्ड काढण्यासाठी सर्वांत मोठी बक्षिसे लावलेली दिसतात. व्याजाच्या दारापर्यंत जाण्याचे ते आमंत्रण होय. दुसरी, केवळ खात्यात ठरावीक रक्कम ठेवण्याच्या अटीवर जो जादा पैसा मिळतो, त्यापासून दूर राहावे. कारण अशी ठेव फिकहमध्ये कर्ज ठरते आणि कर्जावर अटीने मिळणारा लाभ व्याजाच्या कक्षेत येतो. तिसरी, ज्या सोडतीत भाग घेण्यासाठी पैसे मोजावे लागतात आणि काही मिळेल की नाही हे नशिबावर असते, तो जुगार आहे. त्याला बक्षीस हे नाव दिल्याने तो बदलत नाही. तामिळनाडू राज्यात अशा बक्षीस योजनांना प्रतिबंध करणारा १९७९ चा कायदा आहे आणि त्यामुळे पैसे पाठवण्याच्या अॅपमधील स्क्रॅच कार्डाच्या योजनांमधून त्या राज्याला वगळले जात असे. चौथी गोष्ट सत्याची. एकाच माणसाने अनेक नावांनी खाती उघडणे, घरातल्याच दुसऱ्या मोबाइलला 'नवा ग्राहक' म्हणून दाखवणे, ही फसवणूक आहे. समोर मोठी कंपनी आहे म्हणून तिला फसवण्याची मुभा इस्लामने कोणालाही दिलेली नाही.

येथवर बहुतेक वाचकांना पटेल. आता मूळ प्रश्नाकडे वळू.

आपल्या वस्तीतील चित्र डोळ्यांपुढे आणा. कुंडलिकेच्या या बाजूला, जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून प्रत्येक घरात ऑनलाइन खरेदी करणारा एखादाच असतो, बहुधा महाविद्यालयात जाणारा मुलगा वा मुलगी. त्याच्या मोबाइलवरून नानींच्या गोळ्या येतात, शेजारच्या काकूंची साडी येते, मामूंच्या दुकानाचा वजनकाटा येतो आणि मशिदीचे पंखेही येतात. समजा, खालांनी त्याच्या हाती २,४०० रुपये रोख ठेवले आणि कुकर मागवायला सांगितले. कुकर आला, खाला आनंदल्या, त्यांनी त्याला दुआ दिली. दीड महिन्याने त्याच्या खात्यात १२० रुपये जमा झाले. खालांना हे ठाऊक नाही. कॅशबॅक म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक नाही. ते १२० रुपये कोणाचे?

याचे उत्तर शोधताना हजरत उर्वा बारिकी (रजि.) यांची हदीस आठवावी. सहीह बुखारीत ती आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना एक दीनार देऊन एक बकरी विकत आणण्यास सांगितले. उर्वा व्यवहारात चतुर होते. त्यांनी एका दीनारात दोन बकऱ्या मिळवल्या, त्यांतील एक पुन्हा एका दीनाराला विकली आणि बकरी व दीनार दोन्ही प्रेषितांच्या (स.) पुढे आणून ठेवले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यापारात बरकत व्हावी म्हणून दुआ केली. त्यानंतर त्यांची स्थिती अशी झाली की मातीचा सौदा केला तरी त्यांना नफा होई.

बंधू-भगिनींनो, या प्रसंगात चतुराई उर्वांची होती, पायपीट त्यांची होती, घासाघीसही त्यांनीच केली. सांगितलेली बकरी तर त्यांनी आणली होती. उरलेला दीनार त्यांनी स्वतःजवळ ठेवला असता, तर तो कोणाच्या दृष्टीसही पडला नसता. तरीही त्यांनी तो मूळ मालकापुढे ठेवला. कारण ज्या दीनारातून तो उपजला तो दीनार त्यांचा नव्हता. फिकहच्या भाषेत उर्वा 'वकील' होते, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने खरेदी करणारे. वकिलाला खरेदीत जी सूट मिळते ती ज्याच्यासाठी खरेदी केली त्याची असते, हा नियम आहे. आपल्या मोंढ्यातही हे सर्वांना कळते. आडत्याने शेतकऱ्याच्या सोयाबीनला मिळालेला खरा भाव लपवला आणि वरचा फरक स्वतःच्या गल्ल्यात टाकला, तर त्याला कोणीही हुशारी म्हणणार नाही. तोच न्याय मोबाइलला का लावू नये?

यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की, कॅशबॅक ही संकेतस्थळाने खातेदाराला दिलेली भेट आहे. वस्तूच्या किमतीशी तिचा संबंध नाही. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पैसे पाठवण्याच्या अॅपने केवळ अॅप वापरल्याबद्दल खातेदाराला काही दिले आणि त्याचा विक्रेत्याशी वा किमतीशी संबंध नसेल, तर ती खातेदाराची भेट मानण्यास वाव आहे. काही आलिमांनी असा भेद केलाही आहे. परंतु ज्या रकमेचे प्रमाण किमतीवर ठरते, जी विक्रेत्याच्या दलालीतून येते आणि माल परत केला की जी रद्द होते, ती किमतीचाच अंश आहे. व्यवहारात शब्दांपेक्षा अर्थाला महत्त्व असते, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. भेट म्हटल्याने सूट भेट होत नाही. आणि नेमके काय आहे हे कळत नसेल, तर संशयास्पद गोष्टींपासून दूर राहणाऱ्याने आपला दीन व आपली अब्रू वाचवली, ही प्रेषितांची (स.) शिकवण वाट दाखवते.

दुसरा आक्षेप श्रमाचा आहे. मुलगा म्हणतो, वेळ माझा गेला, इंटरनेटचा खर्च माझा झाला, चार दुकानांचे भाव मी ताडून पाहिले. मला काहीच नको का? अवश्य हवे. इस्लामने श्रमाचा मोबदला कधी नाकारला नाही. पण मोबदला उघडपणे ठरतो. खरेदीपूर्वी त्याने एवढेच म्हणावे : खाला, मी मागवून देतो, यातून काही पैसे परत येतील, ते मी ठेवले तर चालेल ना? बहुतेक खाला हसून होकार देतील, वर चहाही पाजतील. त्या होकारानंतर ते १२० रुपये त्याच्यासाठी निर्मळ आहेत. होकारापूर्वी ते दुसऱ्याची अमानत आहेत. सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांपर्यंत पोहोचवण्याचा आदेश आहे. हक्कदाराला आपला हक्क ठाऊक असावा, अशी अट त्यात नाही. उलट, ज्याला ठाऊक नाही त्याच्या हक्काची जबाबदारी ठाऊक असणाऱ्यावर अधिक येते. हक्कदार कोणत्या धर्माचा आहे, हाही प्रश्न येथे नाही. ज्या मक्कावासीयांनी प्रेषितांना (स.) शहर सोडावयास लावले, त्यांच्याच ठेवी परत करण्यासाठी हिजरतच्या रात्री हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले होते. मग शेजारच्या काकूंच्या साडीवरचे चाळीस रुपये आपण कोणत्या कारणाने ठेवणार?

तिसरा आक्षेप रकमेचा : एवढ्याशा पैशाचे काय घेऊन बसलात? सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा आहे की, ज्याला आम्ही एखाद्या कामावर नेमले आणि त्याने एक सुई किंवा त्याहून अधिक काही लपवले, तर ती खयानत आहे आणि कयामतच्या दिवशी ती घेऊन त्याला हजर व्हावे लागेल. सुईची किंमत ती काय? पण लपवण्याची सवय वस्तूचा आकार पाहून लागत नाही. आज १२० रुपये न सांगणारा हात उद्या संस्थेचा हिशेब लिहिणार आहे.

संस्थेचा विषय निघाला, म्हणून मशीद व मदरशाच्या खरेदीविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. समजा, रमजानपूर्वी मशिदीसाठी १६,००० रुपयांचे पंखे एखाद्या तरुणाने आपल्या खात्यावरून मागवले आणि त्याला ४८० रुपये परत आले. खाला होकार देऊ शकतात. मशीद कोणाला होकार देणार? वक्फचा पैसा कोणा एकाच्या मालकीचा नसतो. मुतवल्ली आपल्या मर्जीने तो माफ करू शकत नाहीत आणि खरेदी करणारा स्वतःच स्वतःला माफी देऊ शकत नाही. ते ४८० रुपये मशिदीच्या वहीत जमा व्हावेत, पावतीसह. कार्यालयासाठी वा मालकाच्या दुकानासाठी खरेदी करणाऱ्या नोकरदारालाही हाच नियम लागू होतो. मालकाने स्पष्ट परवानगी दिली असेल तर गोष्ट निराळी.

घरातल्या घरात मात्र रूढीला, ज्याला फिकहमध्ये 'उर्फ' म्हणतात, मान आहे. पतीने घरखर्चासाठी दिलेल्या पैशातून पत्नीने खरेदी केली आणि परत आलेली रक्कम तिने घरातच वापरली, वा आईने मुलाला सुटे पैसे ठेवू दिले, तर जेथे हे सर्वांना ठाऊक व मान्य आहे तेथे पै-पैचा जाब घेण्याचे कारण नाही. कसोटी एकच आहे : ही गोष्ट समोरच्याला सांगताना संकोच वाटतो का? संकोच वाटत असेल, तर तेथे काहीतरी दडलेले आहे.

आजवर कोणी अजाणतेपणी असे पैसे ठेवले असतील, तर घाबरून जाण्याचे कारण नाही; पण विसरून जाण्याचेही नाही. संकेतस्थळावर जुन्या व्यवहारांची नोंद असते. ती पाहावी, अंदाज घ्यावा, ज्याचे त्याला सांगावे. त्याने माफ केले तर शुक्र अदा करावा, मागितले तर द्यावे. तो हयात नसेल तर वारसांना द्यावे. मालक कोण हे आठवतच नसेल, तर त्याच्या वतीने सदका करावा. मशिदीचे असेल तर मशिदीत भरावे.

आता ज्याचा पैसा त्याच्याच मोबाइलमध्ये परत येतो, त्याच्याविषयी थोडे बोलू. तेथे हक्काचा वाद नाही. तरीही 'कमाई' हा शब्द तेथे वापरला जातो, तो तपासून पाहावा. हजार रुपये खर्चून पन्नास परत आले, तर पन्नास कमावले नाहीत. साडेनऊशे खर्च झाले. वस्तू हवीच होती, तर पन्नास वाचले, अल्हम्दुलिल्लाह. वस्तू नको होती आणि पन्नासांसाठी घेतली, तर साडेनऊशे वाया गेले. सूरह फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांचे एक लक्षण असे सांगितले आहे की ते खर्चात उधळपट्टीही करत नाहीत आणि कंजूषपणाही करत नाहीत, या दोहोंच्या मध्ये राहतात. 'शेवटची दहा मिनिटे', 'फक्त दोनच नग शिल्लक' असे भासवून घाई करवणाऱ्या युक्त्यांची सरकारनेही दखल घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून अशा १३ प्रकारच्या फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. कायदा विक्रेत्याला आवरेल. आपल्या नफ्सला आवरण्याचे काम आपलेच आहे. मोबाइल उघडण्यापूर्वी कागदावर यादी करावी आणि यादीबाहेरचे त्या दिवशी घेऊ नये, एवढी सवयही पुष्कळ आहे.

शेवटी एक हदीस ध्यानात ठेवू. मदीनेच्या बाजारातील व्यापाऱ्यांना पूर्वी 'समासिरा' म्हणजे दलाल म्हणत. हजरत कैस बिन अबी गरजा (रजि.) सांगतात की प्रेषितांनी (स.) त्यांना त्याहून चांगले नाव दिले, 'तुज्जार', आणि सांगितले की खरेदी-विक्रीत निरर्थक बोलणे व शपथा मिसळतात, म्हणून तुम्ही तिच्यात सदका मिसळत जा. आज आपल्या घराघरांतील मुले-मुली नकळत दुसऱ्यांच्या खरेदीतील मध्यस्थ झाली आहेत. त्यांना हे चांगले नाव मिळावे असे वाटत असेल, तर पालकांनी त्यांना एक वाक्य शिकवावे : तुमचे इतके पैसे परत आले आहेत. हे वाक्य जो मुलगा नानींना, काकूंना आणि मशिदीच्या मुतवल्लींना न विसरता सांगतो, त्याच्या हाती उद्या मोठ्या अमानती निर्धास्तपणे सोपवता येतील. आणि स्वतःच्या खरेदीतून परत आलेल्या रकमेतील थोडा अंश महिन्याच्या शेवटी एखाद्या गरजूसाठी काढून ठेवला, तर त्या खरेदीतही सदका मिसळला जाईल.

अल्लाह तआला आपणा सर्वांना हलाल रोजी देवो, तिच्यात बरकत देवो, आणि ज्याचा हक्क त्याला पोहोचवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.